बुरुडीण, सुतार आणि दुसरी फेरी

कुठल्याशा दोन डोंगरांच्या मधे एक खोरं होतं, आणि त्या खोऱ्यातल्या अगदी शेवटच्या वाडीत एक बुरुडीण राहत होती. सुपं, रोवळ्या, टोपल्या, कोंबड्यांची डालगी असं सगळं ती विणायची. हात चालत तसं तिचं तोंडही चालायचं, पण ते प्रश्नांसाठी. हे असं का? ते कुणी ठरवलं? पूर्वीपासून म्हणजे नेमकं कधीपासून? ती लांबून येताना दिसली की वाडीतली माणसं फार कामात असल्याचं सोंग करत.

तिचं घर चालायचं ते वाडीमागच्या बांबूच्या बेटावर. बेट कुणा एकाचं नव्हतं, साऱ्या खोऱ्याचं होतं. तिथला बांबू कुणी तोडायचा आणि किती, हे खोऱ्याचा कारभारी ठरवायचा. कारभारी दर पाच वर्षांनी नवा यायचा. म्हणून कोण कारभारी होतो याचा बुरुडणीइतका घोर क्वचितच कुणाला असेल.

कारभारी निवडायची रीत मात्र लांबलचक होती. खोऱ्यात दोन तट होते, एक वरचा आणि एक खालचा. आधी प्रत्येक तटाने आपापसात एक नाव ठरवायचं, मग त्या दोन नावांतून सगळ्या खोऱ्याने एक निवडायचं. खालच्या तटात सात वाड्या होत्या. प्रत्येक वाडीच्या चावडीवर मडकी मांडत, आणि ज्याला जो पसंत त्याच्या मडक्यात माणसं एकेक चिंचोका टाकत. ज्याच्या मडक्यात चिंचोके जास्त, त्याचं नाव घेऊन वाडीचा एक निरोप्या तटाच्या सभेला जाई. सातांपैकी पाच निरोप्यांनी एकच नाव घेतलं की झालं.

त्या वर्षी खालच्या तटातून तिघे उभे होते. नावाडी म्हणत होता, बेट सगळ्यांना खुलं ठेवू. वखारवाला म्हणत होता, बेट मुळासकट काढून तिथे साग लावू. तिसरा होता वैद्य. तो काय म्हणत होता ते फारसं कुणाला कळलं नाही, कारण तो रोग्याच्या कानाशी बोलावं तसा सभेतही हळू बोलायचा.

हवा होती नावाड्याची. तो येई तिथे हलगी वाजे, बायका ओवाळत, म्हातारे काठ्या उंचावत. बुरुडणीच्या वाडीत त्याच्या मडक्यात एकसष्ट चिंचोके पडले, वखारवाल्याच्या नऊ आणि वैद्याच्या दोन. सातांपैकी चार वाड्या नावाड्याच्या झाल्या, दोन वखारवाल्याच्या आणि एक वैद्याची. बुरुडणीने त्या दिवशी घरात गोड केलं.

पंधरा दिवसांनी तटाची सभा झाली आणि संध्याकाळी बातमी आली. खालच्या तटाचं नाव ठरलं होतं, वखारवाला. सातांपैकी सहा निरोप्यांनी त्याचंच नाव घेतलं होतं.

"सहा?" लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. "अहो, त्याच्या वाड्या दोन!"

मग जो गोंधळ उडाला तो काही विचारू नका. कुणी चावडीवरची मडकी फोडली. कुणी म्हणालं, सगळे विकले गेले. कुणी म्हणालं, आता या जन्मात चिंचोका हातात धरणार नाही. बुरुडणीलाही संताप आला, रडूही आलं. बेट जाणार म्हणजे तिची चूलच जाणार होती. पण रडून झाल्यावर तिच्या मनात तिचा नेहमीचा किडा वळवळायला लागला. चिंचोका मी माझ्या हाताने मडक्यात टाकला. तो मोजलेला पाहिला. मग वाटेत त्याचं झालं काय?

तिने कोयता भिंतीला अडकवला आणि चौकशीला निघाली.

पहिल्यांदा ती गेली गुरवाकडे, कारण मोजणी त्याने केली होती.

"एकसष्ट होते, एकसष्टच लिहिले," गुरव म्हणाला. "देवळातल्या घंटेला हात लावून सांगतो. माझ्याकडून चिंचोका नीट निघाला. पुढचं निरोप्याला विचार."

वाडीचा निरोप्या होता सुतार. तो अंगणात पाटाला रंधा मारत होता. बुरुडणीला पाहून त्याने रंधा खाली ठेवला, पण पळाला नाही.

"सुतारदादा, तुम्ही सभेत कुणाचं नाव घेतलंत?"

"नावाड्याचं."

"मग वखारवाला कसा आला?"

"ते पहिल्या फेरीत," सुतार म्हणाला. "चार नावाड्याचे, दोन वखारवाल्याचे, एक वैद्याचा. पाच कुणाचेच झाले नाहीत. मग दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत निरोप्या मोकळा असतो, आणि चार झाले तरी पुरतात. वाडीचा निरोप एकदाच सांगायचा, पुढे ज्याला त्याला आपलं मन. रीतच आहे तशी."

"आणि तुमचं मन वखारवाल्याकडे होतं?"

"लाकूड तिथूनच आणतो मी वीस वर्षं. भला माणूस आहे. मी काही लपवलं नव्हतं बाई."

हे मात्र खरं होतं. सुताराचा ओढा वखारीकडे आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बुरुडणीने डोकं खाजवलं.

"मग तुम्हाला निरोप्या केलं कुणी?"

"तुम्हीच! मडकी मोजल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी, चावडीवर. दवंडी नव्हती का पिटली?"

दवंडी पिटली होती. बुरुडणीला ती लख्ख आठवली. ती तेव्हा ओसरीवर बांबू चिरत बसली होती आणि मनाशी म्हणाली होती, नाव तर ठरलंय, आता ते घेऊन कोण का जाईना! वाडीतल्या सगळ्यांनी तेच म्हटलं होतं. त्या दुपारी चावडीवर पाच माणसं आली होती. त्यातले चार वखारीचे गाडीवान होते आणि पाचवा सावलीला झोपायला आला होता. नावाड्याच्या चारही वाड्यांत असंच झालं होतं.

बुरुडणीचा अर्धा राग तिथेच स्वतःवर वळला. पण अर्धा उरला होताच, म्हणून ती वखारीत गेली.

वखारवाल्याने तिला बसायला ओंडका दिला. "विचार," तो म्हणाला. "मी चोरी केली का?"

"नाही."

"एक तरी चिंचोका इकडचा तिकडे केला?"

"नाही केलात."

"रीत सगळ्यांसाठी सारखी होती. मी ती नीट समजून घेतली, बाकीच्यांनी हलगी वाजवली. यात माझी चूक काय?"

"रीतीत चूक नाही," बुरुडीण म्हणाली. "पण एक विचारू? आमच्या वाडीत तुम्हाला नऊ चिंचोके पडले. आता खोऱ्याच्या निवडणुकीत त्या एकसष्ट जणांकडे कुठल्या तोंडाने जाणार?"

वखारवाल्याने हसून विषय बदलला. परतताना ती होड्यांच्या धक्क्यावर नावाड्याला भेटली. निरोपे निवडायला चावडीवर बोलावलंय हे त्याला ठाऊक होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"होतं की," नावाडी खांदे उडवून म्हणाला. "पण लोक माझ्या बाजूने आहेत म्हटल्यावर दुपारच्या उन्हात कोण जातंय?"

एवढा लाडका माणूस इतका आळशी असेल असं बुरुडणीला वाटलं नव्हतं, आणि त्याचा तिला वखारवाल्यापेक्षाही जास्त राग आला.

पुढे व्हायचं तेच झालं. खोऱ्याच्या निवडणुकीत खालच्या तटाची निम्मी माणसं रुसून घरी बसली. वखारवाल्याच्या मागे सहा निरोपे होते, पण मडक्यात चिंचोके टाकायला हात नव्हते. तो सपाटून हरला. वरच्या तटाचा माणूस कारभारी झाला आणि त्याने बेटाला कुंपण घालून बांबू वरच्या वाड्यांना देऊन टाकला. रुसणाऱ्यांना रुसून हे मिळालं. बुरुडीण पाच वर्षं घाट चढून पलीकडच्या रानातून बांबूच्या मोळ्या आणत राहिली. तिचे गुडघे बोलायला लागले आणि डाव्या खांद्याला घट्टा पडला.

पाच वर्षांनी पुन्हा मडकी मांडली गेली. बुरुडणीने घरोघर फिरून एकच सांगितलं, "चौथ्या दिवशी दुपारी चावडीवर या. मडक्याच्या दिवशी एक वेळ आला नाहीत तरी चालेल, पण त्या दुपारी या." लोक तिला हसले, पण मनात ठेवलं.

या खेपेला खालच्या तटातून दोघेच उभे होते, तोच नावाडी आणि एक गवळीण. नावाडी म्हणत होता, मी आलो की पहिल्याच दिवशी बेटाचं कुंपण काढीन. गवळीण म्हणत होती, "वरच्यांनी बेट ओरबाडून खाल्लंय. अजून पाच वर्षं त्याला कोयता लावायचा नाही, नाहीतर मुळंही उरणार नाहीत. आणि ओढ्यावर साकव आधी बांधायचा, पावसाळ्यात माणसं वाहून जातात." बुरुडणीला गवळणीचं म्हणणं पटत होतं, पण खांद्याला पटत नव्हतं. तिने चिंचोका नावाड्याच्या मडक्यात टाकला.

वाडीने मात्र गवळीण निवडली, अडतीस विरुद्ध चौतीस.

चौथ्या दिवशी दुपारी चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं ओट्यावर, झाडाच्या पारावर, गाड्यांवर बसली होती. निरोप्या म्हणून बुरुडणीचंच नाव पुढे आलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मला एक विचारायचंय."

तो सुतार होता. पाच वर्षांत त्याच्याशी वाडीत कुणी धड बोललं नव्हतं. लोक कुजबुजले, पण त्याने विचारलंच.

"बुरुडीणबाई, तुम्ही चिंचोका कुणाला टाकलात ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या फेरीत तुम्ही गवळणीचं नाव घ्याल. दुसऱ्या फेरीत कुणाचं घ्याल?"

बुरुडीण भडकली. "तुम्ही विचारता हे? तुम्ही?"

"हो," सुतार म्हणाला. "कारण मला कुणी विचारलं नव्हतं."

जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुसऱ्या फेरीतही वाडीचंच नाव घेईन. दहावी फेरी झाली तरी तेच."

तटाची सभा वडाखाली भरली. पहिल्या फेरीत गवळणीचे चार झाले, नावाड्याचे तीन. पाच कुणाचेच नव्हते. दुसरी फेरी सुरू झाली. आता निरोपे मोकळे होते आणि चार पुरणार होते. एकेकाने नाव घेतलं. तीन गवळणीचे झाले, तीन नावाड्याचे. शेवटची वाडी बुरुडणीची, म्हणून तिची पाळी शेवटी होती.

नावाडी समोरच बसला होता. तो नुसता तिच्या खांद्याकडे बघत राहिला. बुरुडीण उठली. एक नाव, आणि नावाडी कारभारी झाला की पहिल्याच दिवशी कुंपण निघेल. घाट संपेल. आणि ती रीत मोडणार नव्हती, कुणाचं काही चोरणार नव्हती. ती मोकळी होती, अगदी रीतसर मोकळी. तिने तोंड उघडलं आणि तिच्या जिभेवर पहिल्यांदा आलं ते नावाड्याचंच नाव. मग तिला डोळ्यांपुढे त्या दुपारची गच्च भरलेली चावडी दिसली, आणि मागे उभा असलेला सुतार दिसला.

"गवळीण," ती म्हणाली आणि खाली बसली.

खालच्या तटाकडून खोऱ्याच्या निवडणुकीला गवळीण उभी राहिली. या खेपेला रुसून कुणी घरी बसलं नाही. ती कारभारी झाली आणि ओढ्यावर साकव झाला.

पण हे नंतरचं. बुरुडीण सभेहून वाडीत परतली तेव्हा हलगी वाजत होती आणि बायका आरतीचं ताट घेऊन वेशीवर उभ्या होत्या. तिने हात वर करून हलगी थांबवली.

"ओवाळू नका मला," ती म्हणाली. "दुसऱ्या फेरीत माझ्या जिभेवर नावाड्याचं नाव आलं होतं. या सुतारदादांनी तुमच्या सगळ्यांसमोर विचारलं नसतं, तर ते बाहेर पडलं असतं. आणि मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं असतं की रीतच आहे तशी."

मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग पुढच्या वेळी तुला पाठवायचं की नाही?"

"पाठवा, नाहीतर नका पाठवू," बुरुडीण म्हणाली. "पण विचारल्याशिवाय कुणालाच पाठवू नका. चांगल्या माणसाला तर मुळीच नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोरी घेऊन घाटाकडे निघाली, कारण बेटाला कोयता लागायला अजून पाच वर्षं होती.

मुलांनी तात्पर्य विचारलंच तर एवढं सांगावं: मत टाकून आपलं काम निम्मं होतं. ते कोण घेऊन जाणार आणि मोकळीक मिळाली की त्याचं काय करणार, हे आधी तोंडावर विचारावं. नंतर विचारलं तर उत्तर मिळतं, पण मत परत मिळत नाही.