हत्तींना हाकललं कोणी?

फार जुनी गोष्ट. एका रानातले हत्ती एकाएकी निघून गेले. लगेच चिंचेखाली सभा भरली.

“मी सोंडेत शिरून असा कडकडून चावले, की त्यांना पळता भुई थोडी झाली!” मुंगी म्हणाली.

“छे! मी शेपट्या ओढल्या म्हणून गेले,” वानर म्हणाला.

“मी नुसते डोळे वटारले!” ससा म्हणाला.

तिघांनाही हार घातले गेले.

उन्हाळ्यात नदी आटली. दरवर्षी हत्ती तिच्या वाळूत खोल झिरा खणायचे आणि मग सगळं रान तिथे पाणी प्यायचं. यंदा सशाची नखं झिजली, पण कोरडी वाळूच वर आली.

“हत्तींना हाकललं कोणी?” तहानेलं हरीण ओरडलं.

वानर आभाळाकडे बघू लागला. सशाने डोळे मिटले.

मुंगी म्हणाली, “माझ्याकडे काय बघता? माझा जीव तो केवढा!”