सुई ओवून झाल्यावर

"आणि सक्तीची ओळ?" बुवांनी विचारलं.

"काढून टाकली," शार्दूल म्हणाला. "म्हणून तर प्रोग्रॅम चालला!"

टेकडीवरच्या मठात नरहरबुवा संगणकाची भाषा शिकवत. प्रत्येक प्रोग्रॅमच्या माथ्यावर सक्तीची ओळ हवी, हा त्यांचा दंडक. ती असली की अनोळखी किंवा चुकलेलं नाव दिसताच यंत्र अडून बसे. अडलंच तर ती एखाद्या जागेपुरती उठवून पुन्हा लागू करता येई. शार्दूल त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. हे सगळ्यांच्या आधी त्याचं त्यालाच कळलं होतं.

मठाच्या दवाखान्यात कोणत्या रोग्याला कोणतं औषध किती द्यायचं, ते सांगणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. बुवांनी हो म्हटलं की उद्या सकाळी तो सुरू होणार होता.

"एकच जागा नडत होती, बुवा. तिथे यंत्राने स्वतःच नाव जुळवून औषध शोधायचं होतं. सक्ती ते करू देईना. दुसरा कुणी महिनाभर डोकं आपटत बसला असता. मी सरळ माथ्यावरूनच सक्ती उडवली. आता एकही तक्रार नाही!"

"एकही नाही?"

"एकही नाही."

"खाली कुठे औषधाचं नाव चुकलं असेल तर?"

"मी चुकत नाही, बुवा."

...

बुवा ओट्यावर बसून कफनीचा उसवलेला खिसा शिवायला घेत होते. दोरा काही सुईत जाईना. त्यांनी लांबचं पाहायचा जाड भिंगांचा चष्मा काढून बाजूला ठेवला, सुई अगदी डोळ्यांपाशी धरली आणि दोरा ओवला.

खिसा शिवून झाला. दोरा दातांनी तोडून बुवा उठले आणि तसेच दवाखान्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांकडे निघाले. पायऱ्या तुटक्या, एका बाजूला दरी. चष्मा ओट्यावरच.

"बुवा, चष्मा!"

बुवा थांबले नाहीत.

शार्दूल चष्मा उचलून धावत सुटला. त्याने बुवांचा दंड घट्ट धरला, तेव्हा त्यांचं एक पाऊल काठाबाहेर होतं.

"अरे, तो काढला म्हणून तर दोरा ओवला गेला."

"ओवून झाला ना! मग घाला की आता! पुढे दरी आहे, बुवा!"

"दरी?" बुवांनी त्याच्याकडे वळून शांतपणे पाहिलं. "मला तर एकही अडचण दिसत नाही."