उतरत्या छपराचं घर

फार जुन्या काळी एका उंच डोंगराच्या दोन बाजूंना दोन निराळ्या हवा नांदत होत्या. समुद्राकडच्या बाजूला पावसाळाभर पाऊस थांबत नसे. पलीकडच्या बाजूला तोच पाऊस घाईतल्या नातेवाइकासारखा यायचा, दारातूनच विचारपूस करायचा आणि निघून जायचा.

पावसाच्या बाजूला एक शाकारणारा राहत होता. गवताची उतरती छपरं शाकारण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि त्याची सगळी वाडी माणसांसकट गाडली गेली. तो परगावी कामाला गेला होता, म्हणून तेवढा वाचला. मग कोयता घेऊन तो डोंगर चढला आणि पलीकडे कोरड्या बाजूला उतरला. पहिलं जे गाव लागलं, तिथंच राहिला.

या गावातली घरं धाब्याची होती. तुळयांवर काटक्या, काटक्यांवर पांढरी माती चोपून केलेलं सपाट छत. शाकारणाऱ्यानं मात्र डोंगरावरून गवत वाहून आणलं आणि आपल्या मुलखातल्यासारखं उंच, उतरतं छप्पर घातलं. सकाळी डोळे उघडले की वर ते छप्पर दिसायचं आणि क्षणभर वाटायचं, आपण अजून वाडीतच आहोत.

गावकरी हसायचे. "पाव्हणं, घराला शिंग कशाला काढलंय?"

"पाऊस घसरून जावा म्हणून."

"इथला पाऊस चालत यायला तयार नाही, तो घसरतोय कुठला!"

हसून झालं की लोक आपापल्या वाटेनं जात. त्याच्या ओसरीवर कुणी टेकत नसे. त्याचं काम इथं कुणाला लागत नव्हतं, आणि कामावाचून माणसांशी बोलायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग तो आभाळाकडे बघत बसायचा. अशी बरीच वर्षं गेली. समुद्रावरून आलेले ढग डोंगर चढता चढता आपलं पाण्याचं ओझं पलीकडेच टाकून देतात आणि इकडे रिकामे उतरतात, हे त्याच्या ध्यानात आलं. वाटसरू आले की तो त्यांना एकच विचारायचा, "तुमच्याकडे घरांवर काय असतं?" एक म्हणाला, "आमच्याकडे बर्फ पडतं. छप्पर उभं नसलं तर घर दबून जाईल." दुसरा म्हणाला, "आमच्याकडे नुसती वाळू. दिवसा भाजतं, रात्री थंडी वाजते. म्हणून मातीच्या जाड भिंती आणि सपाट छत." शाकारणारा ऐकून घ्यायचा. वाटसरू गेला की पुन्हा आभाळ आणि तो.

एका वर्षी मात्र त्या गावात पाऊस आला तो जाईना. दिवस उजाडत होते, मावळत होते, आणि वरून धार चालूच होती. धाबी गळू लागली. दाणे भिजले, चुली विझल्या. कोरडं राहिलं ते एकट्या शाकारणाऱ्याचं घर. बघता बघता सारा गाव त्याच्या दारात आला.

बायकांनी त्याची चूल पेटवली. पोरं गवताच्या पेंढ्यांना टेकून झोपली. दोन म्हाताऱ्या जागेवरून भांडल्या आणि मग एकाच घोंगडीत बसल्या. वाडी गेल्यापासून इतके आवाज त्यानं ऐकले नव्हते.

पाऊस उघडला तेव्हा पाटील म्हणाला, "ठरलं. गावातली सगळी धाबी काढून टाकायची. पाव्हणं, घराघराला तुमच्यासारखं छप्पर पाहिजे."

"आणि काम चालेल तोवर जेवण आमच्याकडे," एक बाई म्हणाली. "आज माझ्या घरी, उद्या हिच्या."

शाकारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सगळी उतरती छपरं उभी राहिली. हुबेहूब त्याची वाडी. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

त्यानं मान वर करून आपल्या छपराकडे पाहिलं. मग म्हणाला, "नको. धाबी काढू नका."

"का बरं?"

"हा पाऊस वाट चुकून आलाय. एका पावसावरून मुलखाची हवा ठरत नाही. इथली हवा उन्हाची आणि वाऱ्याची आहे. दर उन्हाळ्यात माझं छप्पर वारा फाडतो. तुम्ही उठायच्या आत मी ते बांधून घेतो, म्हणून तुम्हाला दिसत नाही. गवत उन्हानं कडकडीत वाळतं, आणि एक ठिणगी पडली तर गाव जळेल. धाब्यावर मातीचा थर वाढवा. इथं तेच खरं."

पाटलाचं तोंड उतरलं. "कामाला नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं," असं पुटपुटत तो उठला. एकेक करून सगळे उठले. संध्याकाळी घरात विझत आलेली चूल आणि तो, दोघंच उरली.

नंतर कितीतरी दिवस त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. लोकांनी धाब्यांवर माती घातली. उन्हाळा आला, आणि वाऱ्यानं या वेळी छप्पर फाडलं नाही, अख्खं उचलून नेलं. शाकारणारा उघड्या भिंतींमध्ये बसून राहिला. त्याला पुन्हा गवत आणायला जावंसं वाटेना.

शेजारची म्हातारी आत डोकावली. "एवढी वर्षं छप्पर फाटत होतं, बोलला का नाहीस रे?"

"विचारलं कुणी?"

म्हातारी वळून निघून गेली. ऊन कलल्यावर ती आली, डोक्यावर पांढऱ्या मातीची टोपली घेऊन. तिच्यामागून तुळया खांद्यावर घेतलेले गडी, आणि सगळ्यांच्या मागून पाटील.

"तुझं खरं निघालं," पाटील म्हणाला. "गावभर गवत असतं, तर आज गाव उघड्यावर असतं."

शाकारणी एकट्यानं होते. धाबं एकट्याच्यानं होत नाही. वर ओली माती पसरली की ती घट्ट बसेपर्यंत पुष्कळ पायांनी तुडवावी लागते. शिडीवरून माणसं वर चढली. शाकारणारा आत उभा राहून ऐकत होता. त्याच्या घरावर पहिल्यांदाच माणसांची पावलं वाजत होती.

"अरे, खाली काय उभा?" वरून म्हातारी ओरडली. "पाय तुझेही लागतील!"

तो शिडीकडे गेला.

गोष्टीचं तात्पर्य इतकंच: एका दिवसाच्या आभाळावरून मुलखाची हवा कळत नाही, ती वर्षानुवर्षं पाहावी लागते; आणि ज्यानं ती पाहिली, त्यानं एकटं पडायची वेळ आली तरी खरं तेच सांगावं.