अर्जदार जागेवर हजर

बानूबाई धनगरणीच्या पाच मेंढ्या ऐन माळावर व्यायला टेकल्या, म्हणून तिने तिथेच पाल ठोकलं. चार दिवस तरी हलणं शक्य नव्हतं. तेवढ्यात वनपाल चौगुलेसाहेब मिशांना पीळ देत आले.

"सरकारी जागेत मुक्काम? परवानगीचा अर्ज कुठंय?"

"आत्ता करते की. लिहा तुम्ही, मी अंगठा देते."

साहेबांनी अर्ज लिहिला आणि ऐटीत बजावलं, "आधी जागेची पाहणी होईल. त्या वेळी अर्जदार जागेवर नसला, तर अर्ज रद्द."

"पाहणी कधी व्हायची?"

"आठ दिवसांत. कधीही."

"मग सायेब, आता तुम्ही हाकललंत तरी मला इथनं हलता यायचं न्हाई. तुमचाच नियम मोडंल."

नवव्या दिवशी साहेब पाहणीला आले, तोवर बानूबाई कोकरांसकट दोन गावं पुढे गेली होती. साहेबांनी मग लेंड्यांचीच पाहणी केली म्हणतात.