सोनखारीचा निळा मचवा

मचवा बंदरावर आला, तोही बैलगाड्यांवर लादून! सोनखारीच्या उदयभानू महाराजांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. त्यांना दिसली ती मचव्यावरची खोली. खोलीला खिडक्या, खिडक्यांना रेशमी पडदे, आत गुबगुबीत गादीचा पलंग. महाराज पलंगावर आडवे झाले, या कुशीवरून त्या कुशीवर वळले आणि ओरडले, "पसंत!"

मचवा खरं तर महाराजांपेक्षा वयाने मोठा होता. पण विकणाऱ्या मुकुंदशेटने त्याला असा झकास निळा रंग फासला होता, की म्हातारा नवरदेवासारखा दिसत होता. तरी दरबाराने रीतसर तपासणी केलीच. राजज्योतिष्याने मचव्याची पत्रिका मागितली. घोड्यांच्या वैद्याने दात शोधले आणि ते सापडेनात म्हणून वय सांगायला साफ नकार दिला. खजिनदाराने गादी दाबून पाहिली आणि मचवा मऊ असल्याचा निर्वाळा दिला.

उरला धाकू तांडेल. राजघराण्याची होडी तोच हाकायचा. त्याने तळाकडे वाकून पाहिलं आणि मान हलवली. "म्हाराज, फळ्या सुकल्यात. आधी पाण्यात घालून बघू."

"खबरदार!" मुकुंदशेट किंचाळला. "रंग ताजा आहे! खारं पाणी लागलं की उडेल. म्हणून तर मी बिचारा बैलगाड्यांतून घेऊन आलो!"

"बघ, किती जपतोय!" महाराज गहिवरले. उद्या सकाळच्या मुहूर्तावर राणीसरकारांना आणि लहान राजकन्यांना याच मचव्यातून खाडीपलीकडे सासुरवाडीला न्यायचं, असं ते सगळ्यांना सांगून बसले होते. आता माघार कसली? "ऐक तांडेला! मुहूर्तापर्यंत मचव्याला खाडीचा थेंब लागता कामा नये. रंगावर ओरखडा नको. एक खिळा हलवायचा नाही. एवढं सांभाळून मचवा गळका आहे हे सूर्य मावळायच्या आत दाखव. नाहीतर उद्या सुकाणू तूच धरायचं, आणि मचवा बुडाला तर तो तुझा गुन्हा!"

महाराजांना पोहता येत नव्हतं. राणीसरकारांना नाही, राजकन्यांना तर नाहीच. बुडायला मात्र सगळ्यांनाच येत होतं.

धाकू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. अंगणात त्याची लेक बायजा बोंबील वाळत घालत होती.

"काय झालं, बाबा?"

धाकूने सगळं सांगितलं. "मी येईन गो पोहत. पण त्या कवळ्या पोरी? त्यांना कोण काढील?"

बायजा बोंबील विसरली. हात झटकून म्हणाली, "खाडीचा थेंब नको म्हणाले ना? आणि विहिरीचा?"

"विहिरीचं नावपण नाय काढलं."

"मग उठा!"

थोड्याच वेळात कोळीवाड्यातल्या साऱ्या बायका डोईवर घागरी घेऊन बंदरावर हजर! मचवा ओंडक्यांच्या टेकूवर उभा होता. बायजाने हात जोडले. "म्हाराज, आमी मचव्याला खाडीवर नेत नाय. आमी विहीरच मचव्यात ओततो. चालंल?"

"बाहेरून थेंब लावायचा नाही!" मुकुंदशेट घाईघाईने म्हणाला.

"बाहेरून कशाला? आतून!"

महाराजांनी दाढी खाजवली. अटीत विहीर नव्हती, आणि दिलेला शब्द म्हणजे शब्द. "ओता! पण आधी माझा पलंग काढा!"

पलंग उतरवला गेला. ऊन रणरणत होतं, म्हणून महाराजांनी तो मचव्याच्याच सावलीत लावायला सांगितला आणि वर ऐसपैस बसले. घागरीमागून घागर मचव्याच्या पोटात रिकामी होऊ लागली.

"एक थेंब तरी गळला का?" मुकुंदशेट हसला.

टप्! थेंब महाराजांच्या नाकावर पडला.

"घाम आहे, महाराज!" शेट म्हणाला. "उन्हाने मचव्यालाही घाम येतो!"

मग निळा रंग पुरीसारखा टम्म फुगला आणि फुटला. एक धार लागली, मग दुसरी, मग कुठून कुठून लागल्या ते कळेचना. बकऱ्या पाणी प्यायला धावल्या. परटाने कपड्यांचं गाठोडं सोडलं. एक म्हातारी घागर धारेखाली धरून म्हणाली, "बरी सोय केलीत म्हाराज! आता रहाट ओढायला नको."

महाराजांनी एका भोकात बोट घातलं, तर शेजारी दुसरं सुरू झालं. पलंगावर बसल्या बसल्या ते न्हाऊन निघाले.

मुकुंदशेट मात्र अजून हटेना. "महाराज, पाणी आत येणार नाही, ही माझी हमी! आणि बघा, आतलंसुद्धा बाहेर जातंय! असा मचवा शोधून सापडायचा नाही!"

"शेट," बायजा म्हणाली, "चोर ज्या भोकातून पळतो ना, त्याच भोकातून आत येतो!"

महाराजांनी भिजलेली मिशी पिळली. "मुकुंदशेट, तुमचा हा गुणी मचवा तुम्हीच ठेवा. आत्ताच्या आत्ता त्यात बसा आणि खाडीतून घरी न्या!"

शेटने एकदा खाडीकडे पाहिलं, एकदा मचव्याकडे पाहिलं आणि सरळ पाय धरले. "महाराज... मला बैलच द्या!"

"द्या म्हाराज, बैलच द्या!" बायजा म्हणाली. "वाटेत पाणी लागलं, तर बैल तरी पोहतील!"

महाराज असे हसले, असे हसले, की ओला पलंग करकरला आणि त्याचा पाय मोडला! चिखलात बसूनच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून बायजाच्या हाती दिलं आणि नवा मचवा धाकूच्या नजरेखाली बांधायचा हुकूम सोडला. राजकन्यांना घेऊन तो नवा मचवा खाडीत उतरला, तेव्हा पहिला नारळ बायजानेच वाहिला.

पुढे महाराजांनी हत्ती विकत घेतला, तेव्हाही म्हणे, आधी विहिरीवरून घागरी मागवल्या!