खोळीतला काजळ्या

फार पूर्वी, डोंगरात लांडगे होते आणि माणसांना चालायचा कंटाळा नव्हता त्या काळी, एका ओढ्याकाठी मेंढपाळांची एक वाडी होती. दिवाळी झाली की डोंगरावरचं गवत वाळायचं आणि सगळी वाडी मेंढ्या घेऊन खालच्या मुलखात निघायची. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या आणि मागेपुढे पळणारी कुत्री. पावसाळ्याच्या तोंडाला सगळे परत यायचे.

त्या वाडीचा एक नियम होता. निघायच्या दिवशी माणूस असो की जनावर, प्रत्येकाने आपल्या पायांनी ओढा ओलांडायचा. कोकरांना तेवढी माफी. जो ओलांडेल तो कळपाबरोबर जायचा, ज्याला जमणार नाही तो वाडीत राहायचा. ऐकायला हे कठोर वाटतं. पण पुढच्या वाटेत असे कितीतरी ओढे होते, आणि घरच्या ओढ्यात पडणाऱ्याला निदान घर तरी जवळ असतं.

वाडीत एक म्हातारा मेंढपाळ होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो मागे राहू लागला होता. मागे राहणाऱ्यांत दुसरी एक ठकूआत्या होती. हाताने लोकर कातायची आणि जिभेने माणसं सोलायची. कळप गेला की पहिले काही दिवस म्हातारा सवयीने उठायचा, रिकाम्या मेंढवाड्याचं फाटक उघडायचा आणि मग काय करावं ते न सुचून तिथेच उभा राहायचा.

"दादा, वारा चरायला सोडलास व्हय?" ठकूआत्या विचारायची.

म्हातारा हसायचा. पण कळपाच्या आठवणीने त्याचा जीव आतून तुटत असे, हे ठकूआत्यालाही ठाऊक होतं.

म्हाताऱ्याचा मुलगा बिरू आता कळपाचा म्होरक्या होता आणि काजळ्या होता कळपाचा कुत्रा. काळाकुळकुळीत, लांडग्यालाही विचार करायला लावणारा. तो पिल्लू होता तेव्हा म्हाताऱ्यानेच त्याला दोन शिळा शिकवल्या होत्या. लांब शीळ घातली की मेंढ्यांच्या पुढे धावायचं, आखूड शीळ घातली की धन्याजवळ यायचं.

एका श्रावणात कोणीतरी रानडुकरांसाठी झुडपात लोखंडी चाप लावून ठेवला. एक कोकरू चरत चरत त्या झुडपात शिरलं. काजळ्या त्याला हुसकावून काढायला आत घुसला. कोकरू सुटलं, पण काजळ्याचा मागचा पाय चापात सापडला.

हाडाचा चुरा झाला होता. शेजारच्या गावच्या वैद्याने पाय हातात धरून पाहिला, हुंगला आणि मान हलवली. "पाय ठेवला तर कुत्रं जाईल. कुत्रं ठेवायचं तर पाय जाईल. बोला."

बिरूने बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने काजळ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "कापा."

वैद्याने काजळ्याला गुंगीचा काढा पाजला आणि आपलं काम केलं. जाताना तो म्हाताऱ्याला सांगून गेला, "जखम भरंपतोर जिवापाड जपा. भरली की जमिनीवर सोडा. पडंल, तर पडू द्या. तीन पायांवरचा तोल ज्याचा त्यालाच गवसतो, दुसऱ्यानं देऊन मिळत न्हाई."

म्हाताऱ्याने खरोखर जिवापाड जपलं. काजळ्याने जखम चाटू नये म्हणून फुटक्या टोपलीचं कडं करून त्याच्या गळ्यात अडकवलं. कडुनिंबाच्या पाण्याने रोज जखम धुतली. सारवलेल्या जमिनीवरून पाय घसरू नये म्हणून घरभर जुनी घोंगडी अंथरली. काजळ्या कण्हला की तो भाकरीचा घास टाकून उठायचा.

एक गोष्ट मात्र म्हाताऱ्याला बघवत नसे. कान खाजला की काजळ्या तो नसलेला पाय उचलायला जायचा. मांडीचा उरलेला तुकडा नुसताच हलायचा, कान तसाच राहायचा आणि काजळ्या गोंधळून मागे वळून बघायचा. मग म्हातारा आपल्या बोटांनी त्याचा कान खाजवून द्यायचा. अशा वेळी त्याचे डोळे भरून यायचे.

आणि खरं सांगायचं तर, डोळे भरून येताना मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरंही वाटायचं. यंदा कळप जाईल, पण काजळ्या जाणार नाही. यंदा रिकाम्या वाडीत आपल्याजवळ कोणीतरी असेल. असं वाटल्याची त्याला लाज वाटायची, तरी वाटायचं ते वाटायचंच.

भाद्रपद सरता सरता जखम भरली आणि तिच्यावर कोवळे केस आले. पण म्हाताऱ्याने काजळ्याला जमिनीवर सोडलं नाही. मेंढपाळ नुकतं जन्मलेलं कोकरू खांद्यावरच्या घोंगडीच्या खोळीत घालून नेतात, तसं त्याने काजळ्याला खोळीत घातलं. ओढ्यावर जाताना खोळीत, पारावर जाताना खोळीत. चाऱ्याला जाताना, जळणाला जाताना, कुठंही जाताना काजळ्या खोळीतच. एवढा मोठा कुत्रा, खोळीतून त्याचं नुसतं तोंड बाहेर. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दूध-भाकरी खाऊन काजळ्या गरगरीत झाला आणि म्हाताऱ्याचे गुडघे ओझ्याने कुरकुरू लागले. पण म्हातारा काही ऐकेना.

"दादा," ठकूआत्या एकदा म्हणाली, "कोकरू खोळीत वाढत न्हाई, असं अख्ख्या वाडीला तूच सांगत आलास नव्हं?"

"ह्यो काय कोकरू हाय?" म्हातारा फणकारला.

"त्येच म्हंते मी. ह्यो कोकरू न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा कातायला लागली.

रोज संध्याकाळी डोंगरावरून घंटांचा आवाज यायचा. मेंढ्या परतायच्या. काजळ्याचे कान ताठ व्हायचे, अंग थरथरायचं. तो बारीक आवाजात रडायचा, कळपाकडे बघत राहायचा. त्याला काय हवंय हे म्हाताऱ्याला पुरतं समजत होतं. तो काजळ्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायचा, "हाय न्हवं मी? मी हाय की." आणि खोळ जरा घट्ट ओढून घ्यायचा.

दसरा झाला. बिरूने विचारलं, "आबा, काजळ्या चालतो का? निघायचे दिवस आले. त्याच्याबिगर कळप नुसता पसरतो बगा, कुणाचं ऐकत न्हाई."

म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "जखम ओली हाय अजून."

बिरूला बापाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. त्याने मान हलवली आणि तो गेला. म्हातारा मात्र तिथेच बसून राहिला. जन्मात पहिल्यांदा तो पोराशी खोटं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळप परतताना एक मेंढी चुकून पारामागच्या काट्यांत शिरली. काजळ्याने ते पाहिलं. त्याने म्हाताऱ्याच्या खोळीतून खाली उडी मारली आणि धाडकन तोंडावर आपटला. उठला, मागचा भाग एका बाजूला कलंडला, पुन्हा पडला. तोंडात माती गेली. तो पडल्या जागेवरून भुंकला, पण मेंढीने वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसरंच एक तरणं कुत्रं धावत आलं आणि मेंढीला वळवून घेऊन गेलं.

काजळ्या पुन्हा भुंकला नाही, रडलाही नाही. कळप मेंढवाड्यात शिरेपर्यंत बघत राहिला. मग त्याने हनुवटी मातीवर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्याने भाकरी कुस्करून पुढे केली, तर त्याने तोंड फिरवलं.

ते बघून म्हाताऱ्याच्या काळजात चर्र झालं. रिकाम्या मेंढवाड्याच्या फाटकात उभं राहिल्यावर आपल्याला जे होतं, तेच याला होत होतं. फरक एवढाच होता की म्हाताऱ्याचे गुडघे म्हातारपणाने नेले होते, आणि काजळ्याचे उरलेले तीन पाय म्हातारा स्वतः नेत होता.

तो तसाच उठून बिरूकडे गेला. "बिरू, मी खोटं बोललो रं. जखम कवाच भरलीया. मलाच त्याला सोडवंना."

बिरूने बापाला खाली बसवलं. मग म्हणाला, "आबा, ऱ्हाऊ द्या त्याला तुमच्याजवळ. तुमी एकटंच असता."

इथे म्हाताऱ्याला गप्प बसता आलं असतं. काजळ्या त्याला आयता मिळत होता, तोही पोराच्या राजीखुशीने. पण तो म्हणाला, "माझ्याजवळ त्यो न्हाईच हाय. नुसतं त्याचं अंग माझ्याजवळ हाय. मन समदं तिकडं, मेंढरांत."

दुसऱ्या दिवसापासून घोंगडी खुंटीवर गेली. म्हातारा काजळ्याला ओढ्याकाठच्या मऊ वाळूत न्यायचा, लांब जाऊन बसायचा आणि आखूड शीळ घालायचा. काजळ्या उठायचा, पडायचा. वळताना तर हमखास पडायचा. उचलून घ्यायला म्हाताऱ्याचे हात शिवशिवायचे. मग तो ते दोन्ही हात आपल्याच मांड्यांखाली दाबून बसायचा. पलीकडून ठकूआत्या ओरडायची, "दादा, अंडी उबवायला बसलास का?"

पण तीही आपली लोकर कातायची चाती तिथेच घेऊन येऊ लागली. काजळ्या पडला की दोघंही मान फिरवायची आणि उठला की दोघंही हळूच बघायची. दूध कमी झालं, पोट उतरलं. उरलेला मागचा पाय हळूहळू अंगाच्या मध्ये यायला शिकला. आधी चाल, मग दुडकी चाल, आणि एका सकाळी काजळ्या चक्क धावला. म्हातारा टाळ्या पिटत हसला आणि हसता हसता रडला. आपण काय कमावलं आणि त्यापायी काय जाणार, ते दोन्ही त्याला एकाच वेळी दिसलं होतं.

दिवाळी झाली. निघायचा दिवस उजाडला. घोडी उतरली, माणसं उतरली, मेंढ्या ओढ्याला लागल्या. पाणी गुडघाभर होतं, पण त्याला ओढ होती. काजळ्या पाण्यात शिरला. मधोमध त्याचा पाय शेवाळावर सरकला आणि तो पाण्याखाली गेला.

"आबा, उचलू का?" पलीकडून बिरू ओरडला.

म्हातारा काठाच्या अगदी कडेला आला होता. "थांब!" तो म्हणाला. "उठंल त्यो."

काळं डोकं वर आलं. फेस कापत, वाकडा तिकडा होत काजळ्या पलीकडच्या काठाला लागला. अंग झटकायला गेला आणि झटकता झटकता धपकन बसला. सगळी वाडी हसली. काजळ्या उठला आणि मेंढ्यांमागे दौडला.

पण थोडं पुढे जाऊन तो थांबला. मागे वळला. अलीकडच्या काठावर म्हातारा एकटा उभा होता. काजळ्या परत पाण्यापाशी आला, ओरडू लागला आणि त्याने पुढचा एक पाय पाण्यात घातला.

म्हाताऱ्याला एक आखूड शीळ पुरली असती. ओठ तसे झालेही होते. पुढचे सहा-सात महिने त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ती मुकी वाडी, ती थंड चूल. त्याने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि शीळ घातली.

लांब शीळ.

काजळ्याचे कान उभे राहिले. त्याने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, पाय पाण्यातून काढला आणि तो मेंढ्यांच्या पुढे धावत सुटला. धुळीचा लोट खिंडीपलीकडे जाईपर्यंत म्हातारा हलला नाही. ठकूआत्या शेजारी येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने त्याला काही टोचलं नाही.

हिवाळा फार लांबला. म्हाताऱ्याला काजळ्याची इतकी आठवण यायची की जेवताना घास घशाखाली उतरत नसे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, "खालच्या मुलखात तीन पायांचं काळं कुत्रं दिसलं का?" कोणी नाही म्हणायचा, कोणी हसायचा.

माघ सरताना एक बांगडीवाला कासार वाट चुकून वाडीत आला. म्हाताऱ्याने त्याला पाणी दिलं आणि आपला प्रश्न विचारला.

"दिसलं की!" कासार म्हणाला. "मी मुक्काम केला होता त्या मेंढवाड्यावर. गुणाचं कुत्रं हो. पण एक खोड आहे त्याला. संध्याकाळी मेंढ्या बसल्या, की या डोंगराकडे तोंड करून बसतं. भाकरी टाकली तरी लवकर उठत नाही. कोणाची तरी वाट बघत असावं."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी पांढऱ्या दाढीत उतरलं. मग त्याने हळूच विचारलं, "आन् सकाळी?"

"सकाळी?" कासार हसला. "सकाळी ते सगळ्या कळपाच्या पुढे असतं! धरू म्हटलं तर सापडत नाही."

"मग बरं हाय," म्हातारा म्हणाला आणि पाहुण्यासाठी भाकऱ्या थापायला आत गेला.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव जडतो त्याला कडेवर नव्हे, त्याच्या पायांवर ठेवावं. ते पाय त्याला आपल्यापासून लांब नेणार असले, तरीही.