तापल्यावर कळलेला सायलेन्सर

लोक घरच्या अंगणात विमानं बांधायला लागले, त्या दिवसांतली ही गोष्ट. भास्करराव तांबटांच्या विमानात एक रोटरी इंजिन होतं. अंगाने लहान, पण श्वास भट्टीसारखा. त्याला सायलेन्सर हवा होता आणि फळीवर दोन बसले होते.

चकचकीत सायलेन्सर म्हणाला, "माझ्या पोटात पातळ पत्र्याचे सात पडदे आहेत. तुझा आवाज कुजबुजीएवढा करून टाकीन."

दुसरा काळा, जाड पत्र्याचा. तो म्हणाला, "मी थोडा गुरगुरेन. बाकी मला काही सांगता येत नाही."

इंजिन गोंधळलं. ज्याला स्वतःचंच सांगता येत नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? भास्कररावही गोंधळले. शेवटी मडकं घेताना वाजवतात तसे त्यांनी दोघांना वाजवून पाहिलं. चकचकीत घंटेसारखा वाजला, काळा नुसता ठक्क. त्यांनी चकचकीत बसवला.

विमान खुंट्याला बांधून इंजिन सुरू केलं. तासभर छान शांतता होती. मग पोटातले पडदे जळून सुटले, तोंडाशी अडकले आणि इंजिनाचा जीव गुदमरला.

"अहो," त्यांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणाल्या, "वाजवून घेतात ते पाण्याचं मडकं. चुलीवरचं तापवून बघतात."

मग काळा बसवला. तो दिवसभर गुरगुरला, लालबुंद झाला, पण फुटला नाही.

संध्याकाळी इंजिनाने विचारलं, "टिकणार होतास, तर आधीच का नाही सांगितलंस?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं?" काळा म्हणाला. "मीही आजच तापलो."